ग्लेनिसचं पासबुक

"मिसेस हॉल्सवर्थ मंगळवारीच येऊन बंद करून गेल्या की," खिडकीपलीकडची कर्स्टी म्हणाली आणि बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली. गॉर्डन हॉल्सवर्थच्या एका हातात त्याचं स्वतःचं पासबुक होतं आणि दुसऱ्या हातात अडीचशे अडीचशेच्या दोन गड्ड्या, रबर लावलेल्या. महिन्याची एक तारीख. बचत सोसायटीचं दार साडेनऊला उघडतं आणि साडेनऊला पाच मिनिटं असताना गॉर्डन बाहेर उभा असतो, हे थॉर्नली गावात टाऊन हॉलच्या घड्याळाइतकं पक्कं होतं. त्यानं एवढंच म्हटलं होतं की बायकोचं पासबुक बिस्किटांच्या डब्यात सापडलं नाही, पण हप्ता भरून घे, नोंद पुढच्या वेळी कर. "बंद म्हणजे?" त्यानं विचारलं. कर्स्टी लाल झाली. "मला सांगायलाच नको होतं, मिस्टर हॉल्सवर्थ. नियमात बसत नाही ते. तुम्ही घरीच विचारा ना त्यांना." तिनं एक गड्डी काचेखालून अलगद परत सरकवली आणि दुसरी मोजायला घेतली.

बायकोनं पाठीमागे खातं बंद केलं म्हटल्यावर माणसाच्या मनात आधी काय यावं, याचा काही नियम नाही. का केलं असेल, असं यावं. तिला बरं नाही की काय, असं यावं. गॉर्डनच्या मनात आधी आलं ते हे की तीन महिने राहिले होते. डिसेंबरात दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून दोन खाती उघडली होती, त्याचं एक, तिचं एक. दरमहा फार तर अडीचशे पौंड, बारा महिने, सात टक्के. सात टक्के थॉर्नलीत दुसरं कुणी देत नव्हतं. मध्येच काढले तर खातं बंद आणि व्याज एक टक्का, तसं पासबुकाच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरात छापलेलं होतं आणि ग्लेनिसला चष्मा लावून त्यानं ते वाचायला लावलं होतं. नऊ हप्ते भरून झाले होते. नऊ हप्ते भरून, नोव्हेंबरची अखेर समोर दिसत असताना, शुद्धीवर असलेलं माणूस असं करतं का? बाहेर पायरीवर येईपर्यंत त्यानं बुडालेल्या व्याजाचा आकडा काढून ठेवला होता, आणि तो निघाल्यावर त्याला जरा हायसं वाटलं. कशाचाही आकडा निघाला की त्याला हायसं वाटे. तिनं हे का केलं, त्याचा मात्र आकडा निघेना.

लोकांना ही खाती कळत नाहीत, असं गॉर्डनचं ठाम मत होतं. सात टक्के ऐकून माणसं हुरळतात, वर्षाच्या तीन हजारांवर दोनशे दहा मिळणार म्हणून बसतात आणि हातात पडतात एकशे तेरा पौंड पंच्याहत्तर. मग सोसायटीनं फसवलं म्हणून ओरडतात. अरे बाबांनो, पहिला हप्ता बारा महिने राहतो, शेवटचा एकच महिना. जो आधी भरला त्याला पुरतं मिळतं, शेवटी भरलेल्याला नाममात्र. लग्नानंतरच्या पहिल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत ग्लेनिसला त्यानं फारसं काही समजावून सांगितलं नव्हतं. पण हे सांगितलं होतं, जेवणाच्या टेबलावर, बारा चमचे ओळीनं मांडून. ग्लेनिस तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होऊन महिना झाला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चमचे परत खणात ठेवले. "कळलं?" असं त्यानं विचारलं तेव्हा "कळलं" म्हणाली. त्याला कोण समाधान वाटलं होतं. चौतीस वर्षं तो नगरपालिकेच्या गटार खात्यात होता. पाणी उताराकडं जातं, उतार आपण द्यायचा असतो, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात नीट येत होती, आणि निवृत्त झाल्यावर त्यानं ती पैशाला लावली. कुठल्या गावात कुठली सोसायटी पाव टक्का जास्त देते, कुणाची मुदत कधी भरते, कुठं स्वतः जाऊन सही करावी लागते, सगळं त्याच्या जिभेवर. दोघांची मिळून आता नऊ खाती होती. आता आठ, असं त्यानं मनात दुरुस्त केलं, आणि ती दुरुस्ती त्याला झोंबली.

स्वतः जाऊन सही करावी लागते, यावरून त्याला ब्रिडलिंग्टन आठवलं. आठवायला नको होतं, पण चौकाच्या कोपऱ्यावर वारा एकदम थंड आला आणि आठवलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली तो दिवस. "उद्या जरा लांब जाऊ," असं तो आदल्या संध्याकाळी म्हणाला होता, आणि सकाळी ग्लेनिस निळा नवा कोट घालून खाली आली तेव्हा हा कोट कधी घेतला, असं विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं, पण दिवस चांगला म्हणून विचारलं नाही. हायवेवर ती गप्प होती, पण खुशीतलं गप्प होती, मध्येच हसत होती. होवडनच्या फाट्याशी हल बंदराची पाटी सरळ दाखवत होती आणि त्यानं गाडी डावीकडं वळवली, तेव्हा ती म्हणाली, "हल सरळ ना?" तो म्हणाला, "हलला काय आहे? आपण ब्रिडलिंग्टनला चाललोय." त्यानंतर तिचं मधूनच हसणं थांबलं. समुद्रावरच्या त्या सोसायटीत साडेसहा टक्के होते, फक्त एक अट, नवरा-बायको दोघांनी समक्ष यायचं, पासपोर्ट घेऊन. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून दोन्ही पासपोर्ट काढून खिडकीवर ठेवले तेव्हा ग्लेनिस त्यांच्याकडं बघत राहिली. मग त्यांनी बाकावर बसून मासे आणि बटाटे खाल्ले, त्यावर व्हिनेगर जास्त झालं होतं, आणि तो फार खूश होता. संध्याकाळी घरी आल्यावर तो जिन्यावरून जाताना झोपायच्या खोलीचं दार उघडं होतं. ग्लेनिस पर्समधून घडी केलेला झोपण्याचा गाऊन काढून खणात परत ठेवत होती. सकाळी तिनं त्याच्या खिशातले पासपोर्ट पाहिले होते. हलहून रोज संध्याकाळी हॉलंडची बोट सुटते. हे त्याला कळायला जिन्याच्या चार पायऱ्या लागल्या, आणि कळल्यावर तो पाचवी चढून न्हाणीघरात गेला आणि दार लावून घेतलं. तिनं कधी काही म्हटलं नाही. त्यानंही नाही. तो विषय निघाला नाही म्हणजे तो मिटला, असंच तो धरून चालला होता.

चौकातून घरी जायला उजवीकडे चढ होता आणि दुसऱ्या सोसायटीला डावीकडे उतार. एक तारखेला तो दोन्हीकडं जात असे. आज उजवीकडं जावं, असं त्याला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं, पाय अर्धा वळलासुद्धा. आज शुक्रवार. आज भरलं नाही तर सोमवार. अडीचशेवर सहा टक्क्यांनी तीन दिवस म्हणजे बारा पेन्स. बारा पेन्ससाठी कोण जातं, असं स्वतःला विचारून तो डावीकडे वळला. बारा पेन्सचा प्रश्न नव्हताच, घडी मोडायची नव्हती. शिवाय ग्लेनिस कुठं पळून चालली होती? घरीच तर आहे. सकाळी ती ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होती. सकाळी आठ वाजता कशाला बटाटे, एवढं त्याला खटकलं होतं खरं. तीन दिवस पुरतील एवढा ढीग होता.

दुसऱ्या सोसायटीत रांग होती. एक तारखेची रांग, म्हणजे सगळी ओळखीची पांढरी डोकी, एकमेकांशी हवेबद्दल बोलणारी आणि एकमेकांच्या पासबुकात तिरक्या नजरेनं बघणारी. सगळ्यांत पुढं एक बाई सुट्ट्या नाण्यांच्या पिशव्या घेऊन आली होती आणि पोरगी त्या वजनकाट्यावर टाकत होती. गॉर्डन उभा राहिला. उभं राहिलं की डोकं आपोआप कामाला लागतं, आणि आज ते भलतीकडं चाललं. डोरीनकडं. डोरीन म्हणजे ग्लेनिसची मोठी बहीण, विसाव्या वर्षी लग्न करून ऑस्ट्रेलियात गेली ती ॲडलेडचीच झाली. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात तिचा फोन आला, आणि ग्लेनिस फोन ठेवून बागेत आली, तो घेवड्याला काठ्या लावत होता. "डोरीनला पसरलंय सगळीकडं," ती म्हणाली. "मला जायचंय, गॉर्डन. तिकीट चौदाशेचं आहे." त्यानं काठी रोवली, माती दाबली. दुष्टपणानं नाही, अगदी समजुतीनं म्हणाला, "ऑगस्टअखेर तुझ्या खात्याची मुदत भरतेय. आत्ता काढलेस तर सगळं व्याज जाईल. डॉक्टर काय म्हणतात? वर्ष म्हणतात ना? मग तीन महिन्यांनी काय बिघडतंय?" ग्लेनिसनं खाली पडलेली काठी उचलून त्याला दिली. नंतर "बरं" म्हणाली. तिनं हट्ट करायला हवा होता, असं त्याला पुढं अनेकदा वाटलं. हट्ट केला असता तर दिले असते. बायका हट्ट का करत नाहीत आणि मग आयुष्यभर गप्प राहून त्याचा वचपा का काढतात, हे त्याला कळत नसे. डोरीन नऊ ऑगस्टला गेली. एकतीसला मुदत भरली. पाच टक्क्यांनी एक्क्याऐंशी पौंड पंचवीस पेन्स व्याज आलं आणि त्यानं ते, खरं सांगायचं तर, ग्लेनिसला दाखवलं नाही. पासबुक डब्यात तळाशी सरकवून ठेवलं.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं स्वतःलाही फारशी दाखवली नव्हती. त्या मे महिन्यात त्याच्या चालू खात्यात एकोणीसशे पौंड होते. मोकळे म्हणता येतील असे नव्हते, हे तो आजही छातीवर हात ठेवून सांगेल. त्यातून एक जूनला पाच खात्यांचे हप्ते जायचे होते, बॉयलर कुरकुरत होता. हप्ता चुकला की खातं बंद. चौदाशे दिले असते तर पाचातली तीन गेली असती. माणूस पाचातली तीन खाती सोडतो का? रांगेत उभ्या उभ्या त्यानं हा प्रश्न स्वतःला विचारला आणि पहिल्यांदाच त्याला उत्तर ऐकू आलं, हो, सोडतो, कुणीही सोडेल, समोरची ही नाणीवाली म्हातारीसुद्धा सोडेल. त्याला एकदम गरम व्हायला लागलं. कॉलर सैल केली. निघावं इथून, असं वाटलं, पण आता पुढं दोनच माणसं होती आणि मागं सात. एवढं थांबून आता सोडायचं म्हणजे थांबलेलं सगळं वाया. तो थांबला. हप्ता भरला, शिक्का बघितला, पासबुक आतल्या खिशात ठेवलं. घड्याळात अकराला दहा कमी होते.

चढ अर्धा चढला तेव्हा शेजारचा विल्फ कुत्र्याला घेऊन उतरत होता. विल्फला गॉर्डनच्या एक तारखेची चेष्टा केल्याशिवाय चहा पचत नसे. "काय सावकार," तो म्हणाला, "बँका अजून उभ्या आहेत का, की विकत घेऊन आलास?" गॉर्डननं हसल्यासारखं केलं. "नाही, पण बरं केलंस हो," विल्फ म्हणाला, "मी आमच्या हिला म्हटलं, गॉर्डन दिसतो तसा नाही. बायकोला एवढं लांब पाठवतोय म्हणजे खिसा उलटा केला असणार. कुंड्या आमच्याकडं आल्यात, काळजी करू नकोस. फक्त ते टोमॅटोचं झाड किती पाणी पितं, ते तिनं सांगितलं नाही." गॉर्डन म्हणाला, "रोज एक झारी." आपला आवाज इतका साधा कसा आला, याचं त्याला नवल वाटलं. "तू सोडायला जाणार ना? टॅक्सी सव्वाअकराची म्हणाली होती." विल्फनं कुत्र्याची दोरी ओढली. "पळ मग. गुडघे सांभाळ."

गॉर्डन पळाला नाही. पळणं त्याच्या अंगात नव्हतं, पण तो भरभर चालला आणि दारात पोचला तेव्हा धाप लागली होती. ग्लेनिस दिवाणखान्यातल्या खुर्चीत टोकाला बसली होती, बसच्या थांब्यावर बसावं तशी. अंगात तो निळा कोट. शेजारी एक बॅग, फार मोठी नाही. स्वयंपाकघरातून उकडलेल्या बटाट्यांचा वास येत होता.

"बटाट्यांची पाई करून ठेवलीय," ती म्हणाली. "तीन दिवस पुरेल. पुढचं तुझं तू बघ."

"कुठं चाललीस?"

"ॲडलेडला. डोरीनच्या पोरीकडं. तिचं घर मोठं आहे, नवरा सोडून गेल्यापासून एकटी आहे, दोन मुलं आहेत. ती मला दोन वर्षांपासून बोलावतेय."

"मला सांगायचं तरी."

"कर्स्टीनं सांगितलं ना? ती सांगणार, मला ठाऊक होतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शाळेत होती तेव्हापासून मी ओळखते तिला, माझ्या हातचं जेवलीय पाच वर्षं." ग्लेनिसनं घड्याळाकडं बघितलं. "पावणेदहाला कळलं असेल तुला. तिथून चालत दहा मिनिटं. मी दहापासून इथं बसलेय, गॉर्डन. मी स्वतःशी म्हटलं होतं, आला तर बोलू. कदाचित पुढं ढकलू. आला तर बघू, असं खरंच म्हटलं होतं. मग साडेदहा झाले. मग मला आठवलं, आज दुसरीकडचा हप्ता असतो."

गॉर्डन दाराला धरून उभा होता. रांग होती, असं सांगायला त्याचं तोंड उघडलं, आणि ते किती भयंकर उत्तर आहे हे कळून मिटलं. त्याला रडू येईल असं वाटलं. आई गेली तेव्हाही आलं नव्हतं. "मीही येतो," तो म्हणाला. "दोन आठवडे दे मला. सगळी खाती मोडतो. व्याज गेलं खड्ड्यात. खरंच सांगतोय, सगळी मोडतो."

ग्लेनिसनं त्याच्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "बारा चमचे मांडून तूच शिकवलं होतंस मला," ती म्हणाली. "शेवटी भरलेल्याला नाममात्र मिळतं."

"ग्लेनिस, त्या वेळी खरंच पैसे नव्हते."

"एकोणीसशे होते. त्या आठवड्यात टपाल मीच उघडलं होतं."

बाहेर टॅक्सी येऊन थांबली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला नाही, नुसता काच खाली करून बसला. ग्लेनिस उठली, पर्स उघडून पासपोर्ट बघितला, बंद केली. "हा मात्र तू वेळच्या वेळी नवा करत आलास, ते बरं केलंस. माझं मी कधी केलं नसतं."

"परत कधी येणार?" त्यानं विचारलं. हे त्यानं आधी विचारायला हवं होतं.

"बघू. नोव्हेंबरअखेर कळवीन." बॅग तिनंच उचलली, त्याला हात लावू दिला नाही. दारातून जाताना ती अगदी जवळून गेली, इतकी की कोटाचा वास आला, कपाटातला, फारसा न वापरलेल्या कोटाचा. "तीन महिन्यांनी काय बिघडतंय?" ती म्हणाली. टोमणा मारल्यासारखं नाही, अगदी समजुतीनं, घेवड्याला काठी लावताना माणूस बोलेल तसं.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. गॉर्डन स्वयंपाकघरात गेला, का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. टेबलावर बिस्किटांचा डबा होता, झाकण उघडं, आणि झाकणात ग्लेनिसचं पासबुक. वरचा कोपरा कात्रीनं तिरका कापलेला, बंद केलेल्या पासबुकाचा कापतात तसा. पासबुकावर एक पाकीट होतं, त्यावर तिच्या शाळेतल्या हजेरीपत्रकासारख्या नीट अक्षरात लिहिलं होतं, "व्याज, तुझं." नऊ हप्त्यांचे सव्वादोन हजार, तिच्या स्वतःच्या पेन्शनमधले, ते तिनं नेले होते. बाकीचं ठेवलं होतं. त्यानं पाकीट टेबलावर उलटं केलं. पाचाची एक नोट, पौंडाची चार नाणी, आणि चिल्लर. चिल्लर घरंगळून मीठदाणीपाशी गेली, ती त्यानं बोटानं ओढून घेतली. वीस, दहा, पाच, दोन, एक. नऊ पौंड अडतीस पेन्स. नऊ हप्ते, एक टक्का. त्यानं मनात हिशेब करून पाहिला. पेन्सचाही फरक नव्हता. चढाच्या वळणावर टॅक्सीनं गिअर बदलल्याचा आवाज आला, आणि आपण मागे धावायला हवं होतं हे गॉर्डनला तेव्हा सुचलं, मोजून झाल्यावर.